संवेदक घेण्याआधी शिवारातील रेंज तपासा



जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदक, बागेतील स्वयंचलित हवामान केंद्र, मोबाईलवरून चालू-बंद होणारा मोटार स्टार्टर, कोंबड्यांच्या शेडमधील तापमान कळविणारे यंत्र अशी साधने आता अनेक शिवारांत दिसू लागली आहेत. बारामती येथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ मध्ये उसात दाखविलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रात्यक्षिके आणि राज्य शासनाचे २०२५ चे महाॲग्री-एआय धोरण यांमुळे या साधनांची विचारपूस आणखी वाढली आहे. मेळाव्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "कोणत्या कंपनीचा संवेदक घ्यावा?" संवेदकाने मोजलेला आकडा रानातून आपल्यापर्यंत कशाने पोहोचणार आणि एखाद्या दिवशी तो पोहोचला नाही तर आपले काय बिघडणार, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

वास्तविक संवेदकाचे काम दोन भागांचे आहे. एक मोजणे आणि दुसरे, मोजलेले कळविणे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत "यंत्र चुकीचे दाखवते" यापेक्षा "यंत्र काही दाखवतच नाही" ही तक्रार अधिक असते. पहिले दोन-तीन महिने सर्व ठीक चालते, मग आकडे तुटक येऊ लागतात आणि हंगाम संपेपर्यंत ते यंत्र बांधावर नुसते उभे राहते. यात दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. संदेशवहनाची पद्धत त्या रानाला आणि त्या कामाला जुळणारी नसते.

निरोप किती तातडीचा?

मातीतील ओलावा तासाभरात फारसा बदलत नाही. भारी काळ्या जमिनीतील उसाला पाणी द्यायचे की नाही हे सकाळी कळले काय किंवा दुपारी कळले काय, सारखेच. दर अर्ध्या तासाने एक या हिशेबाने दिवसाला ४८ निरोप येतात. त्यांतील दहा-बारा गहाळ झाले तरी पाण्याचा निर्णय चुकत नाही. कांदाचाळीतील तापमान व आर्द्रता यांचेही तसेच आहे.

द्राक्षबागेतील हवामान केंद्राची गोष्ट निराळी. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीचा अंदाज बांधताना रात्री पान किती तास ओले राहिले ही नोंद महत्त्वाची असते. अडचण अशी की पावसाच्या रात्री वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते आणि नेमक्या त्याच रात्रीची नोंद आपल्याला हवी असते. येथे निरोप सकाळी आला तरी चालेल, पण हरवता कामा नये. म्हणून रेंज नसताना यंत्र नोंदी स्वतःजवळ साठवून रेंज आल्यावर पाठविते का, हे प्रथम विचारावे. जे साठवीत नाही ते द्राक्षबागेसाठी घेऊच नये असे माझे मत आहे. महावेध प्रकल्पात २०१७ पासून महसूल मंडळनिहाय हवामान केंद्रे उभारली गेली आहेत. स्वतःच्या बागेत आणखी एक केंद्र बसवायचे ते आपल्या बागेची अखंड नोंद मिळावी म्हणून. ती अखंड नसेल तर खर्चाला अर्थ राहत नाही.

तिसरा प्रकार खऱ्या तातडीचा. बंदिस्त शेडमधील पंखे बंद पडणे, विहिरीचे पाणी तळाला जाऊन मोटार कोरडी चालणे, रात्रीच्या पाळीत वीज आल्यावर मोटार सुरू करणे ही कामे मिनिटांच्या हिशेबाची आहेत. आपण घेत असलेले साधन या तिन्हींपैकी कोणत्या प्रकारचे निरोप देणार आहे हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकाच शेतकऱ्याच्या उसाला एक पद्धत आणि शेडला दुसरी, असे होणे अगदी स्वाभाविक आहे.

उपलब्ध पद्धती

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे साधी तार. पॉलिहाऊस, कोंबड्यांचे शेड, गोठा, चाळ अशा एका जागी असलेल्या कामांना बिनतारी यंत्रणेची गरज नसते. आरएस-४८५ या पद्धतीने पिळलेल्या दोन तारांवरून सुमारे १२०० मीटरपर्यंत निरोप नेता येतो. रानातून मात्र तार टाकताना विचार करावा. रोटाव्हेटर आणि उंदीर यांच्यापुढे ती टिकत नाही, आणि वळवाच्या विजांत लांब तारेमुळे दोन्ही टोकांची यंत्रे जळण्याचा धोका असतो.

घरातील वाय-फाय उघड्यावर ५० ते १०० मीटरपर्यंत चालते असे धरावे. त्यापुढे भरवसा नाही. ब्लूटूथचा पल्ला त्याहून कमी, पण रानात फेरी मारताना संवेदकाजवळ उभे राहून मोबाईलवर आकडा वाचायचा असेल तर ते पुरते आणि त्याला सिमही लागत नाही. आणि खरे सांगायचे तर घराला लागून दोन एकर रान असेल, रोज सकाळी आपण तेथे जातच असाल, तर टेन्शिओमीटरचा काटा डोळ्यांनी वाचणे सर्वांत स्वस्त व भरवशाचे आहे. यंत्र विकणारा हे सांगणार नाही, म्हणून येथे लिहिले.

लांबच्या रानासाठी प्रामुख्याने दोन पद्धती उरतात: सिम घातलेले यंत्र किंवा लोरा.

सिमच्या यंत्राचा फायदा असा की ते टॉवरशी थेट बोलते, मध्ये आपले काही उभारावे लागत नाही. एक-दोन यंत्रेच लावायची असतील तर हीच पद्धत सोयीची. मात्र २ जी की ४ जी हे पाहून घ्यावे. बाजारात स्वस्तात मिळणारी पुष्कळ यंत्रे फक्त २ जी वर चालतात. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हापासून त्यात २ जी नाहीच, त्यामुळे अशा यंत्रात जिओचे सिम चालत नाही. इतर कंपन्यांची २ जी सेवा आपल्याकडे चालू आहे, परंतु अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १ जानेवारी २०१७ पासून आपली २ जी सेवा बंद केली आणि तिच्यावर चालणारी यंत्रे एका दिवसात निकामी झाली हे ध्यानात ठेवावे. सात-आठ वर्षे वापरायचे यंत्र घेताना ते ४ जी वर चालणारे आणि ४ जी न मिळाल्यास २ जी वर उतरणारे असावे. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

सिमचे यंत्र बॅटरीवर चालविताना आणखी एक अडचण येते. २ जी वर निरोप पाठविताना क्षणभर २ अँपियरपर्यंत प्रवाह लागतो. लोराच्या यंत्राला त्याच कामासाठी शंभर-सव्वाशे मिलिअँपियर पुरतात. रेंज कमी असेल तर सिमचे यंत्र टॉवर शोधत राहते आणि बॅटरी अधिकच लवकर उतरते. म्हणून अशा यंत्राला सौर पट्टी असावी आणि ती महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी. टॉवरवरूनच पण अगदी थोड्या विजेवर छोटे निरोप नेणारी एनबी-आयओटी ही पद्धतही आहे. साध्या २ जी पेक्षा ती सुमारे २० डेसिबल अधिक क्षीण रेंजवर काम करू शकते. परंतु आपल्याकडे ती सर्वत्र मिळत नाही. विक्रेत्याने सुचविली तर आपल्याच रानात चालवून दाखविण्यास सांगावे.

लोरा हे नाव इंग्रजीतील 'लांब पल्ला' या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. यात रानातील संवेदकांना सिम लागत नाही. ते आपले छोटे निरोप घराच्या किंवा गोदामाच्या छतावरील एका ग्राहक यंत्राकडे पाठवितात. या यंत्राला गेटवे म्हणतात. गेटवे तेवढा इंटरनेटला जोडलेला असतो. आपल्या देशात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. अमेरिकेसाठी बनविलेले ९१५ मेगाहर्ट्झचे संच काही वेळा स्वस्तात मिळतात, पण ते घेऊ नयेत. तो पट्टा आपल्याकडे या कामासाठी मोकळा नाही. दहा-पंधरा संवेदक लावायचे असतील, किंवा शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी अथवा उत्पादक कंपनीने मिळून एक गेटवे बसवायचा असेल, तर लोरा परवडते. एकच वाहिनी ऐकणारे स्वस्त गेटवे प्रयोगापुरते ठीक आहेत. सामाईक कामासाठी आठ वाहिन्या ऐकणारा गेटवे घ्यावा.

उसाने गिळलेले निरोप

माहितीपत्रकात लोराचा पल्ला १० किंवा १५ किलोमीटर लिहिलेला असतो. तो खोटा नाही, पण तो टेकडीवरून टेकडीवर मोजलेला असतो. उसाच्या फडात काय होते याचा आम्हाला प्रक्षेत्रावर आलेला अनुभव सांगतो.

फेब्रुवारीत लावलेल्या को ८६०३२ या सुरू उसात आम्ही मार्चमध्ये आठ ओलावा संवेदक बसविले. गेटवे गोदामाच्या छतावर, जमिनीपासून सुमारे २० फूट उंचीवर होता. सर्वांत लांबचा संवेदक अर्धा किलोमीटरवर. ऊस गुडघाभर होता आणि जवळजवळ सर्व निरोप व्यवस्थित येत होते. मोठी बांधणी झाली, पाऊस सुरू झाला आणि जुलैअखेर लांबचे दोन संवेदक तुटक बोलू लागले. सप्टेंबरमध्ये आठपैकी पाच संवेदकांची ही स्थिती होती. गंमत अशी की मध्यरात्रीपासून सकाळी नऊपर्यंत ते गप्प असत आणि दुपारी पुन्हा बोलत. आम्ही बॅटऱ्या बदलल्या. कंपनीला दोष दिला. कंपनीचा माणूस दुपारी एक वाजता आला, त्याच्यासमोर सर्व संवेदक चालले आणि तो चहा पिऊन परत गेला.

कारण उसातच होते. पानांतील पाणी हे तरंग शोषून घेते आणि पानावर दव किंवा पावसाचे थेंब असले की त्यात आणखी भर पडते. दुपारी पान सुकले की थोडी वाट मोकळी होते. आमच्या संवेदकांचे अँटेना जमिनीपासून चार फुटांवर होते, म्हणजे सप्टेंबरमध्ये ते बारा फूट उसाच्या तळाशी बुडालेले होते.

केवळ अँटेना पिकाच्या वर काढणेही पुरत नाही, ही गोष्ट आम्हाला नंतर कळली. दोन अँटेनांमध्ये तरंग सुतासारखे सरळ रेषेत जात नाहीत. ते ढोलकीच्या आकाराची, मध्ये फुगलेली जागा व्यापतात. ८६५ मेगाहर्ट्झवर ५०० मीटर अंतरासाठी मधोमध या ढोलकीची त्रिज्या साडेसहा मीटरच्या आसपास येते. त्यातील निदान ६० टक्के, म्हणजे सुमारे ४ मीटर अथवा १३ फूट जागा पिकाच्या शेंड्यापासून वर मोकळी असावी लागते. ऊस १२ फूट धरला तर मधोमध दृष्टिरेषा २५ फुटांवरून गेली पाहिजे. संवेदकाचा अँटेना १५ फूट आणि गेटवे ४० फूट उंचीवर असेल तर मधली उंची साडेसत्तावीस फूट येते आणि काम भागते. दोन किलोमीटर अंतराला हीच मोकळी जागा सुमारे ८ मीटर लागते. अंतर वाढेल तसा गेटवे उंच न्यावा लागतो, त्याला पर्याय नाही.

आम्ही शिडी लावून संवेदकांचे अँटेना आधी बांबूवर आणि पुढे जीआय पाईपवर १५ फुटांपर्यंत चढविले, गेटवेही ४० फुटांवर नेला. त्यानंतर सकाळचे निरोप येऊ लागले. तेव्हा उसासाठी, तसेच मका, केळी यांसाठी, यंत्राची चाचणी लावणीच्या वेळी कितीही चांगली झाली तरी ती अर्धीच समजावी. पीक पूर्ण वाढल्यावर किती उंच होईल ते धरून पाईप आधीच घ्यावा.

द्राक्षाच्या मांडवात पानांबरोबर लोखंडी तारांचे जाळे असते. अँटेना तारांच्या वर दोन-तीन फूट असावा. पॉलिहाऊसचा प्लास्टिक कागद तरंगांना अडवीत नाही, पण चकाकणारी ॲल्युमिनियमची सावलीची जाळी अडविते. पत्र्याचे शेड तर बंद पेटीच समजावी. आतल्या यंत्राचा अँटेना बाहेर काढल्याशिवाय तेथे कोणतीच पद्धत भरवशाची नाही.

लोराचा आणखी एक गुण-दोष येथेच सांगतो. संवेदक जितका दूर तितका तो सावकाश बोलतो. जवळचा संवेदक आपला निरोप सेकंदाच्या विसाव्या भागात उरकतो, तर दूरच्याला तोच निरोप पोहोचविण्यास सेकंद-सव्वा सेकंद लागतो. बॅटरी त्याच प्रमाणात खर्च होते. "बॅटरी पाच वर्षे" असे लिहिलेले असते ते बहुधा जवळच्या संवेदकाचे. शिवाय बॅटरीवरील बहुतेक लोरा यंत्रे निरोप पाठविल्यानंतर क्षणभरच ऐकतात, एरवी झोपलेली असतात. अर्ध्या तासाने एकदा बोलणाऱ्या अशा यंत्राला आपण "व्हॉल्व्ह बंद कर" असा हुकूम दिला तर तो अर्ध्या तासानंतरही पोहोचू शकतो. मोजण्यासाठी हे चालते. पाणी सोडण्या-बंद करण्यासाठी सतत ऐकणारे, म्हणजे सौर पट्टी किंवा विजेवर चालणारे यंत्र घ्यावे.

मोटार आणि रात्रीची पाळी

शेतीच्या फीडरला रात्रीची पाळी असली की वीज येण्याच्या वेळी विहिरीवर जावे लागते. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याची भीती, इतरत्र सापाची. अशा वेळी मोबाईल स्टार्टर ही चैन राहत नाही. पण स्टार्टरने उत्तर दिले नाही तर माणूस शेवटी अंधारात निघतोच. म्हणून या एका यंत्राच्या बाबतीत काटकसर करू नये.

मिस्ड कॉल किंवा एसएमएसवर चालणाऱ्या स्टार्टरमधील सिम हे आपल्या नजरेआड असते आणि त्याचे रिचार्ज संपल्याचे कळत नाही. तपासायला जावे तर यंत्र ठणठणीत, फक्त सिम बंद, असे कितीतरी वेळा आढळते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या नियमदुरुस्तीनुसार कंपन्यांना केवळ कॉल व एसएमएस यांच्या स्वतंत्र योजना द्याव्या लागतात आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. स्टार्टरला डेटा लागत नसेल तर अशी वर्षभराची योजना घ्यावी आणि संपण्याची तारीख घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

स्टार्टरची लोखंडी पेटी बंद केली की आतील अँटेना निकामी होतो. अँटेना पेटीच्या वर बाहेर असावा. "मोटार चालू" हा निरोप कशावरून दिला जातो तेही विचारावे. काही स्वस्त यंत्रे हुकूम मिळाला एवढ्यावरच "चालू" कळवितात. मोटारीने प्रत्यक्ष किती अँपियर घेतले ते मोजून कळविणारे यंत्र घ्यावे. पाणी नसताना मोटारीचा प्रवाह कमी होतो, त्यामुळे मोटार कोरडी चालत असल्याचेही त्यावरून समजते.

मात्र कोरडी चालणारी मोटार बंद करणे हे काम आपल्या फोनकडे कधीही देऊ नये. ड्राय रन, एक फेज जाणे, जादा भार या तिन्हींचे संरक्षण स्टार्टरमध्येच असले पाहिजे. रेंज असो वा नसो, मोटार तेथल्या तेथे बंद झाली पाहिजे. आपल्याला नंतर कळले तरी चालते. वीज येताच आपोआप मोटार सुरू करणाऱ्या ऑटोस्विचबद्दलही एक शब्द: सर्वांच्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर एकदम भार येतो आणि ती जळते. महावितरण याच कारणासाठी ऑटोस्विच काढण्याचे आणि कपॅसिटर बसविण्याचे आवाहन करीत आले आहे. आपल्या स्टार्टरमध्ये उशिरा सुरू होण्याची सोय असल्यास शेजाऱ्यांशी बोलून प्रत्येकाने वेगळा वेळ लावावा.

शेडमधील यंत्र गप्प बसले तर?

बंदिस्त शेडमध्ये मोठे पक्षी असताना उन्हाळ्याच्या दुपारी पंखे थांबले तर काही मिनिटांत तापमान चढू लागते आणि तासाभरात मोठी मरतुक होऊ शकते. येथे पहिली खबर मोबाईलवर नव्हे, शेडवरच्या भोंग्याने दिली पाहिजे. भोंगा वेगळ्या बॅटरीवर असावा आणि तो वीज गेल्यावर व तापमान ठरविलेल्या मर्यादेपुढे गेल्यावर, अशा दोन्ही वेळी वाजावा. मोबाईलवरील फोन ही दुसरी खबर. तीही एसएमएसपेक्षा कॉलच्या रूपात असावी, कारण एसएमएस काही वेळा तासाभरानेही येतो.

भरवसा वाढावा म्हणून काही जण दोन कंपन्यांची सिम घालतात. विचार योग्य आहे. शंभरात एकदा चुकणारे दोन मार्ग खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही एकाच वेळी चुकण्याचा प्रसंग दहा हजारांत एकदा येतो. पण आपल्या गावात दोन-तीन कंपन्यांचे अँटेना बहुधा एकाच टॉवरवर असतात. वीज गेली, बॅटरी उतरली की सर्व कंपन्या एकदम गप्प होतात. तेव्हा दुसरे सिम निवडताना त्या कंपनीचा टॉवर वेगळ्या गावात, वेगळ्या फीडरवर आहे का ते पाहावे. घराच्या वाय-फायमधून जाणारी खबर असेल तर राउटरला आणि फायबरच्या डबीला छोटा यूपीएस लावावा. लोराच्या गेटवेलाही तो हवाच.

सर्वांत महत्त्वाची बाब अशी की शांतता ही चांगली बातमी मानू नये. मालक लग्नाला गेला, दिवसभर फोन वाजला नाही म्हणून निश्चिंत राहिला, आणि वाजला नाही तो यंत्रच बंद होते म्हणून, असे होऊ शकते. यंत्राने दर दहा-पंधरा मिनिटांनी "ठीक आहे" असा निरोप पाठवावा आणि तो सलग दोन-तीन वेळा आला नाही तर कंपनीच्या संगणकाने आपल्याला फोन करावा, अशी व्यवस्था मागून घ्यावी. ही सोय नसलेले यंत्र शेडसाठी विकत घेऊ नये. सोय आहे असे सांगितले तर त्याच्यासमोर यंत्राचा अँटेना काढून फोन येतो का ते पाहावे.

चाचणी कशी घ्यावी?

मोबाईलवर दिसणाऱ्या दांड्यांवर विसंबू नये. फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात सिमची स्थिती पाहिली की बऱ्याच फोनांत रेंजचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. हा आकडा उणे असतो. उणे ८५ हे उणे १०५ पेक्षा चांगले, आणि १० चा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. फोन ४ जी वर असता उणे ९५ पर्यंत चांगले, उणे १०५ पर्यंत कामचलाऊ आणि उणे ११० च्या खाली भरवसा ठेवू नये असे धरावे. २ जी साठी हेच आकडे साधारण दहाने वर घ्यावेत.

ओळखीच्यांकडून वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेले फोन गोळा करून रानात जावे. यंत्र जेथे आणि ज्या उंचीवर बसणार, तेथेच फोन धरावा. बांधावर उभे राहून कानाच्या उंचीवर मिळालेली रेंज स्टार्टरच्या पेटीला मिळत नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते दहा या वेळेत असे तीनदा पाहावे, कारण रात्री सर्वांचे फोन चालू असल्याने त्याच टॉवरवर गर्दी होते. वीज गेलेली असताना एकदा अवश्य पाहावे. चार तासांच्या भारनियमनानंतर टॉवर चालू असतो की नाही, हे गावातील सर्वांना ठाऊक असते, फक्त खरेदीच्या वेळी ते आठवत नाही.

लोराचे किंवा कोणतेही यंत्र असो, पैसे देण्याआधी आठवडाभर आपल्या रानात लावून मागावे. अर्ध्या तासाने एक निरोप या हिशेबाने सात दिवसांत ३३६ निरोप यायला हवेत. किती आले ते मोजावे आणि कोणत्या वेळी चुकले तेही पाहावे. ओलाव्यासाठी २७० आले तरी काम चालेल. विखुरलेले चुकले तर चिंता नाही, पण सलग पाच-सहा तासांचा खंड असेल तर कारण शोधावे. शेड आणि मोटारीसाठी मात्र एकही चुकलेला निरोप दुर्लक्षू नये. कोकणात व घाटमाथ्यावर आंबा-काजूच्या उतारावरील बागांत टेकडीच्या पलीकडचा एकही संवेदक बोलत नाही, असे या आठवड्यातच लक्षात येते आणि गेटवे टेकडीवर न्यायचा की त्या बाजूला सिमचे यंत्र लावायचे, हे ठरविता येते.

विक्रेत्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत. वार्षिक वर्गणी भरली नाही तर यंत्र नुसते आकडे दाखविणे थांबवील की मोटार सुरू करणेही? आणि कंपनी बंद पडली तर हेच संवेदक दुसऱ्या कंपनीच्या गेटवेवर चालतील का? लोरावॅन या खुल्या मानकाचे संवेदक, त्यांच्या किल्ल्या म्हणजे सांकेतिक क्रमांक आपल्या ताब्यात असल्यास, दुसरीकडे जोडता येतात. हे क्रमांक पावतीबरोबर लेखी मागून घ्यावेत.

अँटेना बसविताना

यंत्र खाली ठेवून अँटेना तेवढा लांब केबलने वर नेण्याची पद्धत सोयीची वाटते, पण साध्या आरजी-५८ केबलमध्ये या तरंगांची १० मीटरमागे साधारण ५ डेसिबल, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश शक्ती वाया जाते. बारीक केबलमध्ये त्याहून अधिक. म्हणून शक्यतो सबंध यंत्रच पाईपवर वर चढवावे आणि केबल हातभर ठेवावी. अँटेना उभा, सरळ असावा. उघड्या रानात उंच पाईप हा विजेला निमंत्रण देतो, म्हणून पाईपला वेगळे अर्थिंग करावे आणि वादळात त्याच्याजवळ कोणी थांबू नये.

केबल व अँटेना यांच्या सांध्यात पाणी शिरणे हे पहिल्या पावसाळ्यानंतर रेंज कमी होण्याचे नेहमीचे कारण आहे. सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, तिच्यावर साधी काळी टेप लावावी आणि केबलला सांध्याच्या खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथून ठिबकून जाते. दरवर्षी मे महिन्यात हा सांधा उघडून पाहावा. आत हिरवट गंज दिसल्यास तो घासत बसू नये, सांधा नवा घालावा.